‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय?

वैराग : सातबारा उतारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज यांसाठी आसपासच्या गावांतून बार्शी तालुक्यातील वैरागच्या बाजारपेठेत येणाऱ्या ग्रामस्थांना ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य नवे नाही. राज्यातील बहुतेक सेतू केंद्रे, बँका, सोसायट्या आणि महसूल कार्यालयांत हेच उत्तर ऐकू येते. या एका वाक्याने शेतकऱ्याचा एसटीचा खर्च वाया जातो, मजुराचा एक दिवसाचा रोज बुडतो आणि कधी कधी अर्जाची अंतिम मुदतही टळते. प्रत्यक्षात मात्र दर वेळी बिघाड सर्व्हरमध्येच असतो असे नाही. अनेकदा तो टेबलाखालच्या केबलमध्ये, संगणकाच्या घड्याळात किंवा बंद पडलेल्या राउटरमध्ये दडलेला असतो. तो नेमका कोठे आहे हे ओळखण्याची पद्धत सोपी असून त्यासाठी अभियंत्याची गरज नसते.

अर्जाचा प्रवास

कार्यालयातील संगणकावर ‘सबमिट’चे बटण दाबल्यावर माहिती संगणकातून केबल किंवा वाय-फायमार्गे राउटरकडे, तेथून सेवा पुरवठादाराच्या लाइनवर जाते. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधला जातो आणि शेवटी दूरच्या शहरातील सर्व्हरशी संपर्क होतो. यातील कोणताही दुवा तुटला, तरी पडद्यावर दिसणारा परिणाम सारखाच असतो : पान उघडत नाही. म्हणून तपासणी नेहमी जवळच्या टोकापासून सुरू करावी.

एकाचे की सर्वांचे?

पहिला प्रश्न हाच विचारावा. अडचण कार्यालयातील एकाच संगणकावर असेल तर दोष त्या संगणकात अथवा त्याच्या केबलमध्ये आहे. सर्व संगणकांवर सर्वच संकेतस्थळे बंद असतील तर राउटर किंवा बाहेरची लाइन तपासावी. इतर संकेतस्थळे उघडत असून एकच उघडत नसेल, तर ते मोबाइलच्या इंटरनेटवर उघडून पाहावे. तेथे उघडल्यास सर्व्हर सुरू आहे आणि दोष कार्यालयाच्या बाजूला आहे, हे सिद्ध होते. या तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत.

राउटरलाही वीज लागते

ग्रामीण भागात आढळणारे एक साधे कारण म्हणजे राउटर यूपीएसला जोडलेला नसणे. वीज गेल्यावर संगणक सुरू राहतो, पण राउटर आणि फायबरचे यंत्र बंद पडते. त्यामुळे ‘नेट गेले’ असा समज होतो. दोन्ही उपकरणे यूपीएसवर घेतली की हा प्रश्न मिटतो. फायबरच्या यंत्रावर लाल दिवा लागला असल्यास लाइन तुटल्याची शक्यता असते आणि तक्रार पुरवठादाराकडेच करावी लागते.

दिवे व्यवस्थित असूनही जोडणी होत नसेल, तर संगणकाचा आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर राउटरने संगणकाला पत्ताच दिलेला नाही आणि संगणकाने स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला आहे, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी केबल काढून पुन्हा घट्ट बसवावी, राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून सुरू करावा. कार्यालयाच्या दोन खोल्यांना जोडणारी तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपेक्षा लांब असू नये, हेही लक्षात ठेवावे.

नाव हरवले, सर्व्हर शाबूत

संकेतस्थळाच्या नावाचे अंकी पत्त्यात रूपांतर करणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. ही व्यवस्था कोलमडली, तर सर्व्हर सुरू असूनही तो सापडत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा असेच घडले होते. कंपनीच्या अंतर्गत जाळ्यातील देखभालीच्या वेळी झालेल्या चुकीमुळे तिच्या सर्व्हरकडे जाण्याचे मार्गच इंटरनेटवरून नाहीसे झाले होते. कार्यालयात अशी शंका आल्यास संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा सार्वजनिक डीएनएस पत्ता देऊन पाहावा. मात्र बँक किंवा शासकीय कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यावर वरिष्ठांच्या परवानगीविना हा बदल करू नये.

आकड्यांची भाषा

पान न उघडल्यास पडद्यावर अनेकदा तीन अंकी आकडा येतो. तो वाचणे हा निदानाचा सर्वांत सोपा मार्ग आहे. चारने सुरू होणारा आकडा सहसा मागणीतील दोष दाखवतो. ४०४ म्हणजे मागितलेले पान त्या पत्त्यावर नाही, तर ४०३ म्हणजे ते पाहण्याची परवानगी नाही. पाचने सुरू होणारा आकडा सर्व्हरकडील बिघाड सांगतो. ५०० म्हणजे सर्व्हरच्या आत चूक झाली, ५०३ म्हणजे गर्दी किंवा देखभालीमुळे सेवा तात्पुरती बंद आहे आणि ५०४ म्हणजे उत्तर वेळेत आले नाही.

पैसे भरताना ५०४ आल्यास बटण पुन्हा दाबण्याची घाई करू नये. रक्कम आधीच वळती झालेली असू शकते. प्रथम खात्यातील नोंद आणि व्यवहाराची स्थिती पाहावी.

घड्याळ आणि डिजिटल स्वाक्षरी

जुन्या संगणकातील बटणासारखा सेल संपला की तारीख मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र संगणकाला अवैध वाटते आणि ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. इशारा डावलून पुढे जाण्याऐवजी तारीख व वेळ दुरुस्त करावी. वारंवार तसे होत असल्यास सेल बदलावा.

महाराष्ट्रात १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा प्रारंभ झाला. त्यामुळे अशी स्वाक्षरी करणाऱ्या कार्यालयांत स्वाक्षरीचे टोकन हे दप्तराच्या शिक्क्याइतकेच महत्त्वाचे ठरले आहे. टोकन ओळखले जात नसल्यास त्याचा ड्रायव्हर आणि प्रमाणपत्राची मुदत तपासावी. चुकीचा पिन वारंवार दिल्यास टोकन कुलूपबंद होते, म्हणून अंदाजाने पिन टाकू नये.

मराठी अक्षरांचा घोळ

जुनी फाइल उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची गर्दी दिसली, तर फाइल बिघडलेली नसते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर निरर्थक दिसतो. मूळ फॉन्ट शोधून मजकूर परिवर्तकाच्या साह्याने युनिकोडमध्ये आणावा. नंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. नावातील एका वेलांटीच्या फरकाने दाखला नाकारला जाऊ शकतो.

खरोखरच सर्व्हर बंद असेल तर

कधी दोष खरोखरच आवाक्याबाहेरचा असतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीतील सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हस्तलिखित बोर्डिंग पास द्यावे लागले. संगणक थांबला तरी काम कागदावर पुढे नेता येते, हा त्यातील धडा गावपातळीवरील कार्यालयांनाही लागू पडतो.

अशा वेळी कार्यालयाने तीन गोष्टी कराव्यात. बिघाडाची तारीख, वेळ आणि पडद्यावरील संदेश वहीत नोंदवावा. कागदी अर्ज स्वीकारून दिनांकित पोच द्यावी. सेवा सुरू झाल्यावर ते अर्ज क्रमाने प्रणालीत भरावेत.

नागरिकांनीही पोच मागितली पाहिजे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क आहे. मुदत टळल्यास ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते. पुरेशा कारणाविना विलंब केल्याचे सिद्ध झाल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. मात्र मुदत मोजण्यासाठी अर्ज दिल्याचा पुरावा लागतो. ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाकडे नेमका तोच नसतो. त्यामुळे पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र आणि हातात पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.