कंचेभागुबेव

कंचेभागुबेव हे अंकगणितातील पदावली सोडवताना क्रियांचा क्रम ध्यानात राहावा म्हणून महाराष्ट्रातील मराठी शाळांत शिकवले जाणारे स्मरणसूत्र आहे. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज व वजाबाकी यांची आद्याक्षरे मिळून ते बनले आहे. इंग्रजी माध्यमातील ‘बॉडमास’ हे त्याचेच समकक्ष सूत्र होय. असा क्रम ठरलेला नसता, तर २ + ३ × ४ या पदावलीचे उत्तर कोणी १४, तर कोणी २० काढले असते.

अक्षरांचा क्रम आणि प्रत्यक्ष नियम

भागाकार व गुणाकार या समान दर्जाच्या क्रिया असून त्या डावीकडून उजवीकडे ज्या क्रमाने येतील, त्या क्रमाने करतात. बेरीज व वजाबाकी यांनाही हाच नियम लागू आहे. म्हणून १० − ३ + २ चे उत्तर ९ आहे. सूत्रातील ‘बे’ आधी आहे म्हणून बेरीज प्रथम केल्यास ५ हे चुकीचे उत्तर येते. भागाकार आधी केल्याने मात्र उत्तर बिघडत नाही : २४ ÷ ४ × २ चे उत्तर १२ च येते. गुणाकार आधी केल्यास ते ३ येते. अमेरिकेतील ‘पेमडास’ सूत्रात गुणाकाराचे अक्षर आधी असल्याने तेथे ही चूक संभवते.

‘चे’चे स्थान

‘चे’ म्हणजेही गुणाकारच. पण तो भागाकाराच्या आधी करतात. १२ ÷ ६ चे १/२ याचे उत्तर ४ आहे. ‘चे’ऐवजी × हे चिन्ह असल्यास ते १ होते.

संदिग्ध पदावली

२०१९ मध्ये समाजमाध्यमांवर ८ ÷ २(२ + २) या पदावलीवरून मोठा वाद झाला. डावीकडून क्रमाने सोडवल्यास उत्तर १६ येते. कंसालगतचा अध्याहृत गुणाकार ‘चे’प्रमाणे आधी केल्यास ते १ येते. बीजगणितात १ ÷ २क याचा अर्थ पुष्कळदा १ ÷ (२ × क) असा घेतला जातो, त्यामुळे दुसऱ्या वाचनालाही आधार आहे. गणकयंत्रांतही एकवाक्यता नाही : टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे टीआय-८२ हे यंत्र अध्याहृत गुणाकाराला अग्रक्रम देते, टीआय-८३ देत नाही. त्याचप्रमाणे −३ चा वर्ग एक्सेलमध्ये =-३^२ असा लिहिल्यास ९ येतो, तर पायथन या संगणकीय भाषेत -३**२ चे उत्तर −९ येते.

क्रियांचा क्रम हा निसर्गनियम नसून लेखनाचा संकेत आहे. संकेत दुहेरी असेल तेथे दोष सोडवणाऱ्याचा नसून मांडणीचा असतो. (८ ÷ २) × (२ + २) किंवा ८ ÷ [२ × (२ + २)] असे पूर्ण कंस घातल्यास, अथवा आडव्या रेघेचा अपूर्णांक लिहिल्यास, संदिग्धता उरत नाही.