एका दिवसाचा महाराजा आणि शहराची सभा

इंदूरला नगरपालिका आली 1870 साली, दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात. बक्षी खुमानसिंह तिचे पहिले अध्यक्ष. एवढं आपल्या मंडळींना तोंडपाठ असतं. पण नगरपालिका आली म्हणून तिच्या सभेत लोक आले, असं होत नाही. सामान्य माणसाला शहराच्या कारभारात शिरायला दार कुठे होतं, हे शोधताना मला दार सापडलं ते सभागृहात नाही, तर रस्त्यावर. 1917 च्या दिवाळीत.

त्या सुमारास तिसऱ्या तुकोजीरावांच्या दरबाराने शहराची योजना करायला पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं होतं. हे स्कॉटलंडचे, 1854 चा जन्म, डंडीला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. नगररचना त्यांनी स्वतःच्या हिमतीवर शिकलेली. नकाशा घेऊन ते गल्लीगल्लीतून पायी हिंडत. शहरात प्लेगची भीती. गेडिस यांनीच पुढे सांगितलेली हकीकत अशी, की बायामुलं त्यांच्याकडे बोट दाखवून काहीतरी कुजबुजत. सोबत्याला विचारलं तेव्हा कळलं, लोक म्हणत होते, प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच!

लोकांचं तरी काय चुकलं? साहेब, सरकारी माणसं आणि नकाशा एकत्र दिसले की घर पाडणार, हा अनुभव होता. त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

गेडिस यांनी मग दरबाराकडे अजब मागणी केली: मला एक दिवसाचा महाराजा करा. ती मान्य झाली. त्यांनी जाहीर केलं, की यंदा दिवाळीची मिरवणूक हिंदूंच्या नेहमीच्या वाटेने जाणार नाही आणि मुसलमानांच्याही नाही. ज्या रस्त्यावर जास्तीत जास्त घरं झाडून, डागडुजी करून तयार असतील, त्या रस्त्याने जाईल. झालं! मोहल्ल्यामोहल्ल्यात चुरस लागली. हजारो गाड्या कचरा निघाला, उंदीर पकडले गेले.

मिरवणुकीत पडक्या घरांचे देखावे होते, त्यामागे नव्या, हवेशीर घरांचे. रावणासारखा राक्षस होता, प्लेगचा मोठा उंदीर होता, शेवटी दोघांचं दहन. पण मला महत्त्वाचे वाटतात ते सफाई कामगार. कचऱ्याच्या गाड्या रंगवलेल्या, बैलांना फुलं, आणि कामगारांच्या अंगावर नवे पांढरे कपडे. डोक्यावर शहराच्या रंगाची पगडी. तीच पगडी नगरपालिकेच्या बड्या मंडळींनाही घालायला लावली होती. ज्यांना अंगणाच्या आत पाऊल ठेवू देत नसत, ते त्या दिवशी शहराच्या मधोमध चालले. शेवटच्या गाड्यांवरून योजनेची माहितीपत्रकं आणि तुळशीची रोपं वाटली गेली. शहराची योजना सामान्य माणसाच्या हाती पडली ती अशी, तुळशीबरोबर.

पुढच्या वर्षी, 1918 साली, गेडिस यांचा अहवाल होळकर सरकारच्या छापखान्यात दोन भागांत छापला गेला. तो इंग्रजीत आहे आणि दरबारला उद्देशून आहे. मी पेशाने सिव्हिल इंजिनियर, म्हणून वाचताना जरा अंग चोरूनच बसलो होतो. कारण त्यात आमच्या जातकुळीला चांगलेच चिमटे आहेत: सरळ रेघ मारून घरं पाडू नका, महागड्या गटारांआधी बागांचा विचार करा, आधी निदान करा आणि मग औषध द्या.

तरी गेडिसभक्तीत वाहून जाऊ नये. माहितीपत्रक वाटणं म्हणजे मत विचारणं नव्हे. मिरवणूक महाराजांच्या परवानगीने निघाली आणि परवानगीची मुदत त्याच रात्री संपली. पगडी मिळाली, सभेतली खुर्ची नाही. मान आणि अधिकार यांत हाच तर फरक आहे.

अधिकाराची भाषा आली 74 व्या घटनादुरुस्तीने, 1993 मध्ये. तीन लाख किंवा जास्त वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात, असं तिने सांगितलं. पण त्या समितीत कोण बसणार, हे ठरवणं राज्यांवर सोडलं. गावात प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. शहरातल्या मतदाराला तशी सभा घटनेने दिलेली नाही. आपल्या शहरात आज 85 वॉर्ड आहेत आणि 2011 च्या जनगणनेप्रमाणे वस्ती वीस लाखांच्या घरात. म्हणजे एका पार्षदामागे तेवीस हजारांवर माणसं. मंगळवारच्या जनसुनवाईत आपण अर्ज देतो, ठीक आहे. पण अर्ज देणं वेगळं आणि निर्णयाआधी बोलणं वेगळं.

आणि बोलायला आधी पोचावं तर लागतं! व्हीलचेअरच्या रॅम्पला आपण 1:12 चा उतार धरतो, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. सहा इंचांच्या पाच पायऱ्या असतील तर तीस फूट रॅम्प हवा. नोकरीच्या सुरुवातीला एका सरकारी इमारतीच्या नकाशात मी तो पंधरा फुटांतच बसवला होता. जागा नव्हती, आणि कुणी विचारणारही नव्हतं. काही वर्षांनी तिथे गेलो तर रॅम्पवर स्कूटर लावलेल्या. अर्थात! तो चढ व्हीलचेअरवरच्या माणसाला स्वतःहून चढताच आला नसता. गेडिस ज्या इंजिनियरांना बोल लावत होते, त्यांत मीही होतो, हे त्या दिवशी कळलं.

2017 पासून वर्षामागून वर्ष आपण स्वच्छतेत पहिले आलो. ओला-सुका कचरा घरोघरी वेगळा झाला म्हणून आलो, याचा मला अभिमानच आहे. हात लावायला बोलावलं की इंदूरकर येतो, हे 1917 सालीही दिसलं होतं. आता त्याला सभेतही बोलवावं. पण त्याआधी कुणीतरी टेप घेऊन जावं आणि त्या सभेच्या दाराशी किती पायऱ्या आहेत ते मोजून यावं. मी यायला तयार आहे.