कोंबडीचा ढेकूण आणि मुकुटबनचा चुना

मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता मुकुटबनच्या बाजूच्या एका घरातून आमच्याकडे तक्रार आली. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी बाराव्या-तेराव्या दिवशी उठली, ती पुन्हा बसेचना. बाकीच्या कोंबड्यांनी संध्याकाळी खुराड्यात शिरायचे सोडले आणि त्या बाभळीवर जाऊन बसू लागल्या. घरातल्या अकरावीतल्या मुलीने भर दुपारी पिसे उलटी करकरून पाहिली, खुराड्यात डोकावली. काही दिसले नाही. आजीने नजर लागल्याचे ठरवून टाकले. वडिलांनी मात्र कपाशीवर फवारून उरलेली औषधाची बाटली बाहेर काढली. मुलीचा प्रश्न एवढाच होता: मारू द्यावे का?

आम्ही तिला त्या दिवसापुरते थांबायला सांगितले आणि एक काम दिले. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन जा, कोंबड्या बसतात त्या दांडीची खालची बाजू आणि खुराड्याचे सांधे बघ. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, ‘राईच्या दाण्याहून बारीक, लाल, आणि सगळीकडे धावतात.’

विदर्भातल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. खाटेतला ढेकूण दिवसा अंगावर सापडतो का? तो सुंभाच्या गाठीत आणि खुरांच्या खोबणीत असतो. रात्री येतो, रक्त पितो, परत जातो. खुराड्यातला हा प्राणी म्हणजे कोंबडीचा ढेकूणच. फरक असा की ढेकूण सहा पायांचा कीटक आहे आणि हा आठ पायांचा, गोचिडाचा भाऊबंद. इंग्रजीतला ‘माइट’ हा शब्द आपल्याकडे आता रुळला आहे. शेतीखाते कपाशीवरच्या त्याच्या दूरच्या नातलगाला ‘लाल कोळी’ म्हणते.

शास्त्राच्या दप्तरात याची नोंद स्वीडनच्या चार्ल्स द गीर याने केली. हा गृहस्थ लोखंडाच्या कारखान्यांचा श्रीमंत मालक आणि हौसेने कीटक पाहणारा. त्याच्या कीटकविषयक ग्रंथाचा सातवा आणि शेवटचा खंड 1778 साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षीच निघाला. कोंबडीवरच्या माइटचे वर्णन त्या वर्षाचे. पुढे 1834 मध्ये फ्रान्सच्या द्युजेस याने या प्रजातीला ‘डर्मॅनिसस’ म्हटले. ग्रीकमधला अर्थ ‘कातडी टोचणारा’. आजचे पूर्ण नाव डर्मॅनिसस गॅलिनी.

नाव मिळाले, पण उपाय शोधायचा तर नावापेक्षा सवयी कळणे महत्त्वाचे होते. अमेरिकेच्या शेतीखात्याने 1917 साली एच. पी. वुड यांची एक पुस्तिका काढली, ती संपूर्ण याच माइटच्या जीवनक्रमावर आणि सवयींवर. तेव्हापासून जमत गेलेली माहिती थोडक्यात अशी. मादी रक्त पिऊन फटीत परतते आणि एका वेळी चार ते आठ अंडी घालते. अंड्यातून निघालेल्या पिलाला सहाच पाय असतात आणि ते काही खात नाही. कात टाकल्यावर आठ पाय येतात आणि भूक सुरू होते. हवा उबदार, दमट असेल तर अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास सात ते दहा दिवसांत पुरा. उपाशी माइट राखट दिसतो, पोट भरले की लाल. जेमतेम एक मिलिमीटरचा हा जीव थंड, ओलसर जागी कित्येक महिने रक्ताविना तग धरतो. म्हणजे कोंबड्या विकून खुराडे महिनाभर रिकामे ठेवले तरी काम भागत नाही.

शिक्षकांनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. उष्ण प्रदेशात दुसराही एक माइट आढळतो, ऑर्निथोनिसस बर्सा. तो घरट्यात आणि कोंबडीच्या अंगावर दिवसाही सापडतो. म्हणून निदान एका पाहणीवर करू नये. एकदा दुपारी कोंबडी पाहावी, एकदा रात्री दांडी.

मुळात हे दुखणे खुराड्यानेच वाढवले. रानकोंबडी रात्री झाडावर बसते. तिथे माइटला रोज तीच फट आणि तेच रक्त हाताशी मिळण्याची खात्री नाही. आपण कोंबडीला रानमांजर-मुंगसापासून वाचवायला लाकडा-मातीचे घर दिले, आणि ते तिच्या ढेकणालाही मिळाले. बाभळीवर गेलेल्या त्या कोंबड्या, खरे पाहता, आजीपेक्षा अचूक निदान करून गेल्या होत्या.

जुने उपाय याच फटींच्या मागे होते. खाट उन्हात टाकून सांध्यांत उकळते पाणी ओतणे आपल्या ओळखीचे आहे. (आधुनिक काळात नॉर्वेसारख्या देशांत रिकाम्या शेड 45 अंश सेल्सियसच्या वर तापवतात, ती याच खाटेची मोठी आवृत्ती.) परसातल्या राखेच्या ढिगात कोंबड्या लोळतात, तेही खेळ म्हणून नव्हे. बारीक भुकटी किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर बिघडवते आणि आतले पाणी उडून जाते. 2012 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी कोंबड्यांना लोळायला भुकटीची खोकी ठेवून पाहिली; अंगावर राहणाऱ्या माइटची संख्या घटली, आणि गंधक सर्वांत सरस ठरले. पण लोळणे अंगावरच्यांसाठी. फटीतल्यांना ते पोचत नाही.

तिथे चुना येतो, आणि इथे मुकुटबनचे नाव आम्ही मुद्दाम घेतो. पैनगंगेच्या खोऱ्यातला हा चुनखडक कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावर साचलेला आहे. त्याच्याच जोरावर 2022 साली मुकुटबनला मोठा सिमेंट कारखाना सुरू झाला. वणीजवळच्या राजूरच्या चुनाभट्ट्या तर त्याहून जुन्या. हा खडक 900 अंशांच्या आसपास भाजला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी घातले की तो तडतडून फुलतो. ती निवळी-घट्ट भिंतीला फासली की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि भिंतीवर पुन्हा चुनखडक होतो. थोडक्यात, आपण फटीत दगड भरतो. ओला चुना काही माइट मारत असेल, पण त्याचे खरे काम लपायची जागा बुजवणे हे आहे. दिवाळीला गावातल्या प्रत्येक घराला चुना लागत आला. खुराड्याला मात्र क्वचितच.

विसाव्या शतकात लक्ष फटीवरून बाटलीकडे वळले. अमेरिकेत संध्याकाळी दांडीवर निकोटिन सल्फेट फासत. त्याची वाफ रात्रभर कोंबड्यांच्या पिसांत जाई. आपल्याकडे गॅमॅक्सीनची पांढरी भुकटी घराघरांत होती; ढेकणाला तीच, कोंबडीलाही तीच. ती चरबीत साठते आणि अंड्यातून माणसात येते हे कळूनही भारतात त्या बीएचसीवर बंदी यायला 1997 साल उजाडले.

मग 2017. त्या उन्हाळ्यात नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये लाखो अंडी नष्ट करावी लागली. कारण हाच माइट. वनस्पतिजन्य म्हणून विकल्या गेलेल्या एका फवाऱ्यात फिप्रोनिल मिसळलेले होते, आणि युरोपात अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांवर ते वापरायला मनाई आहे. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20च्या आसपास शेतकरी-मजूर दगावले, शेकडो इस्पितळात गेले. ही रसायने वेगळी, कारणे वेगळी. तरी दोन्ही बातम्या शेजारी ठेवाव्यात असे आम्हाला वाटते, कारण मुकुटबनच्या त्या घरात त्या एकत्रच येऊ पाहत होत्या. फिप्रोनिल आपल्याकडे कपाशीवर वापरले जाते. मोनोक्रोटोफॉस तर पक्ष्यांना इतके घातक की 1995-96च्या हंगामात अर्जेंटिनात त्याने हजारो शिकारी पक्षी मेले. अशा बाटलीतले औषध बंद खुराड्यात मारले तर माइटच्या आधी कोंबडीच जायची. आणि वाचलीच, तर तिची अंडी घरची पोरे खाणार.

बाटली परत वर गेली. त्या घराने खुराडे मोकळे केले, खालचा गवत-पाचोळा जाळला, दांड्या काढून उकळत्या पाण्याने धुतल्या आणि दिवसभर आश्विनातल्या उन्हात टाकल्या. फटी मातीने लिंपून वर दाट चुना दोन हात दिला. डोळ्यांत उडू नये म्हणून चष्मा लावला आणि कोंबड्यांना पूर्ण वाळेपर्यंत आत सोडले नाही. अंडी फुटत राहणार म्हणून आठवड्याने हेच पुन्हा केले. मुलीने पन्हळी पुठ्ठ्याच्या पट्ट्या दांडीखाली बांधल्या. माइटला पुठ्ठ्याच्या पन्हळी म्हणजे आयतीच फट. दर चौथ्या सकाळी पट्टी झाकणाच्या डब्यात झटकायची आणि भिंगाखाली मोजायचे. नंतर पट्टी चुलीत. पहिल्या पट्टीवर 140पर्यंत मोजून ती कंटाळली. दुसऱ्या चुन्यानंतरच्या पट्टीवर 9 होते. त्यांतल्या दोघांना सहाच पाय होते, हे तिने वहीत चित्र काढून आम्हाला दाखवले.

कोंबड्या परत खुराड्यात जाऊ लागल्या आहेत. एक तेवढी अजून बाभळीवरच बसते.