बदकांची वेळ

मराठीत गोगलगाय, गुजरातीत गोकळगाय आणि तुमच्याकडच्या कन्नड शेजाऱ्यांची बसवन हुळू, म्हणजे बसवाचा किडा. तिन्ही भाषांनी या प्राण्याला गोठ्यातच नेऊन बांधले आहे! बडोद्याला आमच्या परसात पावसाळाभर या 'गाई' चरत असत. शेजारच्या बा गुजरातीत आणि माझी आजी मराठीत, कुंपणाच्या दोन बाजूंनी त्यांचा उद्धार करीत.

बडोद्याला बागांचे कौतुक जुने. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी सयाजीबाग वसवली. लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले क्रुंबिगेल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ काही वर्षे बडोद्याच्या सेवेत होते. तेच १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात गेले आणि बंगळूरच्या लालबागेचे झाले. कारकुनाच्या परसाला मात्र असा तज्ज्ञ कुठला मिळणार? १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, पाठोपाठ आजोबा निवृत्त झाले, आणि तुटपुंज्या पेन्शनीला परसातल्या भाजीची जोड लागली. ती भाजी वाचवण्यासाठी त्यांनी चार बदके आणली.

बदक गोगलगायी खाते हे सर्वांना ठाऊक असते. ते कोवळी मेथीही तितक्याच आवडीने खाते, हे मागाहून कळते. म्हणून आजोबांनी बदकांच्या वेळा ठरवल्या होत्या. वाफे रिकामे असताना त्यांना दिवसभर मोकळीक. चोचीने माती चाळून ती अळ्या, अंडी, लहान गोगलगायी वेचीत. बी रुजले की बंदी. वांगी, अळू अशी दांडगी झाडे असत तिथे पहाटे उपाशीपोटी तासभर सोडायचे आणि पोट भरण्याआधी डब्यातले दाणे खुळखुळवून खुराड्यात परत न्यायचे. मेथी-पालकाला बांबूच्या कामट्यांचे कुंपण. विश्वामित्रीत मगरी, त्यामुळे नदीवर नेण्याची सोय नव्हती. पाण्यासाठी एक जुने घंगाळ होते. तेही वाफ्यांपासून लांब, नाहीतर चिखल करून ती रोपे तुडवीत.

खुराड्याची कडी लावणे हे माझे काम. मी नऊ वर्षांचा असताना उत्तरायणाच्या दिवशी पतंगाच्या नादात ती राहिली, कुंपणाचे दारही उघडेच टाकले. गच्चीवरून उतरलो तेव्हा मेथीचे दोन वाफे आणि कोबीची सगळी रोपे साफ झाली होती. महिन्याभराची भाजी खंडेराव मार्केटातून विकत आणायची म्हणजे काय, हे आजीच्या चेहऱ्यावर दिसले. ती म्हणाली, "विकून टाका ही बदकं!" आजोबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "बदकांना कशाला बोल लावायचा? दार त्यांनी उघडलं नाही." संध्याकाळी बांनी कुंपणावरून मेथीची जुडी दिली. मला ती जेवताना गिळवेना.

पुढे इतिहास वाचताना आजोबांचे वाक्य वारंवार आठवले. १७६२ मध्ये टोळांच्या बंदोबस्तासाठी भारतातून मॉरिशसला साळुंक्या नेल्या. त्यांनी टोळ खाल्ले. पण साळुंकीला फळेही आवडतात, आणि तिला माघारी कोण बोलावणार? त्याच मॉरिशसहून १८४७ मध्ये बेन्सन या इंग्रजाने मोठी आफ्रिकी गोगलगाय कलकत्त्याला आणली. चौरंगीच्या बागेतून ती देशभर पसरली. २०२२ च्या पावसाळ्यात लातूरकडच्या शेतकऱ्यांचे कोवळे सोयाबीन तिने फस्त केले. वाढलेली ही गोगलगाय बदकाच्याही घशाखाली उतरत नाही.

उलट, चीनमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस फूच्येन प्रांतात चेन चिंगलुन यांनी टोळांवर बदकांचे कळप सोडण्याची रीत सांगितली. कळप नेता येतो, तसा परतही आणता येतो. जपानचे शेतकरी ताकाओ फुरुनो यांनी १९८८ पासून भातखाचरात बदके पाळली. लावणीनंतर रोपांनी मूळ धरले की पिले आत, आणि भात निसवले की बदके बाहेर. कारण मग ती दाण्यावरच ताव मारतील. फुरुनोंचे ते वाचताना मला आमच्या खुराड्याची कडी दिसली.

साळुंकी असो वा गोगलगाय, आणणाऱ्यांनी आणण्याचाच विचार केला, परत नेण्याचा नाही. बदक मात्र दाण्यांचा डबा वाजला की घरी येते. डबा वाजवणारा जागेवर हवा, एवढेच.

आता ते परस नाही, तिथे चार मजली इमारत आहे. पण उत्तरायणाला गच्चीवर जाण्यापूर्वी मी अजूनही खाली दाराची कडी लावली का ते पाहतो. घरातले हसतात. मी त्यांना मेथीची गोष्ट सांगितलेली नव्हती. आज इथे सांगितली.