किल्ल्यातील वाफे

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातील राजबंद्यांनी तुरुंगात मनःस्वास्थ्य टिकवण्याची एक रीत हळूहळू घडवली, आणि तिचा अभ्यास करताना अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यातील १९४२ ते १९४५ ही वर्षे विशेष उपयोगी ठरतात. कारण तेथे भिन्न स्वभावांची, भिन्न संस्कारांची बारा माणसे एकाच आवारात, बहुतेक जण जवळजवळ पावणेतीन वर्षे, राहिली आणि त्यांपैकी काहींनी आपल्या दिनक्रमाविषयी लिहूनही ठेवले. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गोवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच अटकसत्र सुरू झाले. गांधीजींना पुण्याच्या आगाखान राजवाड्यात ठेवण्यात आले, तर जवाहरलाल नेहरू, मौलाना अबुल कलाम आझाद, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदी काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांची रवानगी अहमदनगरला झाली.

ही स्थानबद्धता होती, म्हणजे आरोप न ठेवता आणि खटला न चालवता केलेला कारावास. सक्तमजुरीच्या कैद्याला निदान शिक्षेची मुदत ठाऊक असते आणि दिवस भरून काढणारे काम असते. स्थानबद्धाला यांपैकी काहीच नसते. सुटका कधी होईल हे सांगणारे कोणी नाही, सुरुवातीला वर्तमानपत्रेही बंद, आणि बाहेर महायुद्ध पेटलेले, अशा अवस्थेत मोजता न येणारा काळ हीच मोठी यातना होती. बागकामाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. बी पेरले की रुजण्याचे दिवस मोजता येतात, कळी कधी धरेल याचा अंदाज बांधता येतो, आणि सरकारने देण्याचे नाकारलेली तारीख रोपटे देते.

नेहरू रोज कित्येक तास, उन्हाचीही पर्वा न करता, कुदळ घेऊन फुलझाडांसाठी वाफे खणत असत. जमीन मात्र बागेची नव्हतीच: दगडगोटे, चुन्याविटांचा राडारोडा आणि जुन्या इमारतींचे अवशेष यांनी ती भरलेली होती. यात एक ऐतिहासिक विसंगती आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीने वसवलेले हे नगर पर्जन्यछायेच्या प्रदेशात असूनही एके काळी नळांवाटे खेळवलेल्या पाण्यासाठी आणि फराहबाग, हश्त-बिहिश्त यांसारख्या उद्यानांसाठी प्रसिद्ध होते. चांदबिबीने मोगलांविरुद्ध लढवलेला आणि १८०३ मध्ये वेलस्लीने जिंकून घेतलेला हा किल्ला इंग्रजी अमलात लष्करी ठाणे आणि बंदिशाळा बनला होता. त्याच्या राडारोड्यात पुन्हा फुले लावणारा कैदी पुढे त्याच किल्ल्यात भारताच्या भूतकाळाचे उत्खनन करू लागला. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या आरंभीच या खणण्याचा उल्लेख येतो. त्याच पानांच्या आसपास बंगालच्या दुष्काळाचेही वर्णन आहे, हे विसरता कामा नये. बाहेर माणसे अन्नावाचून मरत असताना आत फुलझाडे लावण्यातली बोच लिहिणाऱ्यापासून लपलेली नव्हती, आणि म्हणूनच या शांततेला पलायन म्हणणे अन्यायाचे होईल.

बागकामाप्रमाणेच योगासने हेही मन सावरण्याचे एक साधन होते, आणि त्यांची सवय नेहरूंना आधीच्या तुरुंगवासांपासून होती. १९३४-३५ मध्ये तुरुंगातच लिहिलेल्या आत्मचरित्रात त्यांनी शीर्षासनाबद्दल जे म्हटले आहे त्यात मोक्षाचा गंधही नाही: उलटे उभे राहण्यातला किंचित हास्यास्पदपणा माणसाला आयुष्याच्या लहरींबाबत सहनशील करतो, असा त्यांचा अनुभव होता. या लौकिक दृष्टीला महाराष्ट्रातील एका प्रयत्नाची पार्श्वभूमी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून आसन-प्राणायामाचे शरीरावरील परिणाम क्ष-किरणांसारख्या साधनांनी तपासण्यास आरंभ केला होता, आणि योग हा मठाबाहेर, सुशिक्षितांच्या व्यायामात येऊ लागला होता. ध्यानाचा, म्हणजे चित्त एका ठिकाणी स्थिर करण्याच्या साधनेचा, धागा आणखी मागे जातो. जानेवारी १९०८ मध्ये बडोद्यात विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याने अरविंद घोषांना मन निर्विचार करण्याची रीत दाखवली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात अरविंद अलीपूरच्या तुरुंगात गेले तेव्हा ती रीत तेथे त्यांच्या कामी आली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय सांगितला आणि साने गुरुजींनी तो टिपून घेतला. तेथे चिंतन एकट्याचे न राहता सगळ्या बराकीचे झाले.

आझादांचा मार्ग याहून वेगळा होता. ते पहाटे तीन-चारला उठून स्वतःच्या हाताने चिनी चहा करीत आणि हबीबुर रहमान खान शेरवानी या मित्राला उद्देशून पत्रे लिहीत, जी तुरुंगातून धाडली जाणार नव्हती. पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांशी आधी युद्ध आणि मग तांदळाच्या दाण्यांवर तह, ही त्यांतली कथा उर्दू गद्यात अजरामर झाली आहे. परंतु एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. आजारपणातच सरकारला विनंती करण्याची सूचना त्यांना झाली होती आणि ती त्यांनी नाकारली होती. त्या दिवसांतील पत्र वाचले असता असे दिसते की, नेमका दिनक्रम पाळणे हे त्यांच्यासाठी शांतीपेक्षा निश्चयाचे काम होते. वरून काही ढळलेले दिसत नव्हते, आत मात्र ढळले होते, आणि हे त्यांनी स्वतःच मान्य केले आहे. तुरुंगवाङ्मयाला संतचरित्राचे रूप देणाऱ्यांनी हे पत्र अवश्य वाचावे.

आगाखान राजवाड्यातही १५ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. त्यांच्या समाध्या त्याच आवारात आहेत, आणि महादेवभाईंच्या समाधीवर फुले वाहणे हा गांधीजींच्या बंदिवासातील नित्यक्रमाचा भाग बनला होता.

नेहरूंनी आपला ग्रंथ ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५ या काळातील अहमदनगरच्या सहबंद्यांना अर्पण केला आहे. त्यानंतर या मंडळींना निरनिराळ्या तुरुंगांत पांगवण्यात आले. १५ जून १९४५ रोजी सुटकेचा हुकूम आला तेव्हा आझाद बंगालमधील बांकुऱ्यात होते आणि नेहरू हिमालयाच्या कुशीतील अल्मोड्यात.