नोंदीवर हात कोणाचा?

१९९१ साली कर्नाटकात जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याचा पहिला प्रयोग झाला तो गुलबर्गा जिल्ह्यात. खर्च सगळा केंद्र सरकारचा. १९९६पर्यंत राज्यातल्या सर्व जिल्ह्यांसाठी, म्हणजे शेजारच्या बिदरसाठीही, असे प्रकल्प मंजूर झाले. पुढे सुभाष भटनागर आणि राजीव चावला यांनी या कामाची हकीगत लिहिली. चावला हे याच नोंदींसाठी नंतर ‘भूमी’ प्रकल्प उभा करणारे अधिकारी. त्या हकीगतीत पहिल्या प्रयत्नाबद्दल एक वाक्य आहे: तालुक्याला संगणक बसवण्याची तरतूदच नव्हती. हाताने लिहिलेल्या नोंदी मात्र प्रत्यक्षात तालुक्यालाच बदलत होत्या.

सगळा दोष या एका वाक्यात सापडतो. आळंद किंवा भालकी तालुक्याला फेरफार मंजूर झाला, तरी तो लिहिणाऱ्या माणसाचा हात संगणकातल्या नोंदीपर्यंत पोहोचत नव्हता. यंत्र होते, माहिती भरता येत होती. पण ज्याने रोज लिहायचे त्यालाच तिथे वाट नव्हती. अशी नोंद पहिल्या खरेदीखताबरोबर शिळी होते.

या भागातल्या नोंदींना मागचा इतिहास आहे. १९५६पर्यंत बिदर आणि गुलबर्गा हैदराबाद राज्यात होते. निजामी अमलात महसुलाची भाषा उर्दू, साल फसली. हक्कनोंदीचा हैदराबादचा नियम १३५८ फसलीचा, म्हणजे १९४८-४९चा. १९५६च्या पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आले. सोयरीक दोन्हीकडे राहिली, दप्तर मात्र तुटले. पलीकडे सातबारा, अलीकडे पहाणी, आणि तीही कन्नडमध्ये.

कर्नाटकाच्या १९६४च्या महसूल कायद्यात कागदावरचा मार्ग स्वच्छ होता. हक्क बदलला की वर्दी द्यायची, चावडीवर नोटीस लावायची, हरकतीसाठी ३० दिवस थांबायचे, मग फेरफार. प्रत्यक्ष काय होई, तेही भटनागर-चावलांनीच नोंदवले आहे. राज्यात सुमारे ९,००० ग्रामलेक्किग, म्हणजे मराठीतले तलाठी, होते. एकेकाकडे तीन-चार गावे. नोटिसा पुष्कळदा निघतच नसत, निघाल्याची नोंदही राहत नसे, आणि फेरफाराला वर्ष-दोन वर्षे लागत. दप्तर एकाच्या ताब्यात, आणि त्यात कोणी केव्हा काय लिहिले याची खूण कुठेच नाही.

म्हणजे दोन टोकांच्या दोन चुका होत्या. गावात एका हाताला सगळी मोकळीक, तर १९९१च्या संगणकावर योग्य हाताला मज्जाव.

संगणक सांभाळणाऱ्यांना ही जोडी ओळखीची आहे. माहितीसाठ्याची (डेटाबेसची) सेवा पडद्याआड चालते आणि ती स्वतःच्या वेगळ्या खात्याने सुरू होते. त्या खात्याला आपल्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नसेल, तर सेवा उठतच नाही. विंडोजवर ‘त्रुटी ५, प्रवेश नाकारला’ असे उत्तर येते. घाईत असलेला माणूस फोल्डर सर्वांना खुले करून टाकतो. सेवा सुरू होते, पण आता कोणीही काहीही पुसू शकतो. खरा उपाय सावकाश करावा लागतो: सेवा कोणत्या खात्याने चालते ते पाहायचे, अडते नेमके कुठे ते लॉगमध्ये शोधायचे, आणि त्या खात्याला तेवढ्याच जागेवर तेवढीच परवानगी द्यायची.

‘भूमी’ने जमिनीच्या बाबतीत हेच केले. राष्ट्रीय सूचना केंद्राने सॉफ्टवेअर लिहिले आणि संगणक १७७ तालुका कचेऱ्यांत आले. सुमारे ६७ लाख खातेदारांच्या दोन कोटी नोंदी त्यात भरल्या गेल्या. अंगठ्याचा ठसा जुळल्याखेरीज कर्मचाऱ्याला आत प्रवेश नव्हता, आणि प्रत्येक व्यवहाराची लॉगमध्ये नोंद राहत होती. मंडल निरीक्षकाने सही केलेला फेरफाराचा आदेश स्कॅन होऊन साठवला जाई, म्हणजे ‘मी दिलाच नाही’ असे पुढे म्हणता येऊ नये. अर्ज आले त्या क्रमानेच निघत. खिडकीशी दुसरा पडदा शेतकऱ्याकडे तोंड करून ठेवलेला असे, आणि १५ रुपयांत पहाणीची छापील प्रत मिळे. हाताने लिहिलेली पहाणी कायद्याने बाद झाली.

ज्याने लिहायचे त्याला वाट मिळाली, आणि लिहिणाऱ्याची खूण राहू लागली. यातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. नोंद चुकणार, कधी मुद्दाम चुकवलीही जाणार. पण कोणाच्या अंगठ्याने ती बदलली हे सांगता आले, तर शेतकऱ्याला दाद मागायला निदान एक ठिकाण मिळते.

आज संगणकावर एखादी सेवा सुरू होत नसेल, तर तीन प्रश्न विचारावेत: कोणाला, कशावर, किती? १९९१मध्ये गुलबर्ग्याला यातला पहिलाच प्रश्न राहून गेला होता. त्याची किंमत यंत्राने मोजली नाही. शिळ्या नोंदीवर बँकेच्या आणि कचेरीच्या दारात उभे राहणाऱ्या खातेदाराने मोजली.