पाठीमागचा खडखडाट : नेवासा परिसरातील वाहनदुरुस्तीच्या ज्ञानाचा इतिहास

वाहनाच्या मागील अंगाने येणारा खडखडाट हा इतिहासाभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहिल्यास तो स्वाभाविकच मानावा लागेल. परंतु शेतीच्या अवजारांचा, नाण्यांचा व खापरांचा इतिहास जर आपण लिहितो, तर गाडीखाली आडवे पडून, कानाने व तळहाताने दोष शोधणाऱ्या कारागिराच्या ज्ञानासही इतिहास असला पाहिजे. त्याने कागद ठेवले नाहीत, एवढ्यावरून त्याच्यापाशी पद्धती नव्हती असे ठरत नाही. प्रस्तुत लेखात नेवाशाच्या परिसराचे उदाहरण घेऊन एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : नवा भाग बसविल्यानंतर गाडी मागून वाजू लागते ती का, आणि तिचे निदान करण्याची रीत कशी घडत आली?

नेवाशापासून प्रवरेच्या काठाने वर गेल्यास श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद लागते. तेथे १९७४ साली ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. त्यांतील एक म्हणजे दोन बैल जुंपलेला व उभा सारथी असलेला, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ. या वस्तूंच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद झाले आहेत. त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच की, चाक आणि आस यांची जोडी या खोऱ्यास अत्यंत जुनी आहे, आणि स्प्रिंग मात्र अगदी अलीकडची. बैलगाडीचे साटे आसावर जवळजवळ थेट टेकते. त्यामुळे तिच्या आवाजाची कारणेही थोडी. तुंबा आतून झिजला की चाक आसावर डुलू लागते व ठोका ऐकू येतो. धाव सैल झाली की त्याहून निराळा, कोरडा आवाज येतो. एरंडेलाच्या वंगणाने कुरकुर थांबते, ठोका थांबत नाही. कुरकुर ही घर्षणाची आणि ठोका हा ढिलाईचा, हा भेद गाडीवानास ठाऊक होता, आणि पुढील सर्व निदानाचा पाया तोच आहे.

इंग्लंडात ओबादाया इलियट याने १८०४ साली आसावर पाट्यांच्या स्प्रिंगा बसविण्याचे पेटंट घेतले. ही कल्पना टांग्यांतून व पुढे मोटारींतून आपल्याकडे आली. तिच्यासवे आवाजाच्या जागाही वाढल्या. एकमेकांवर ठेवलेले पाटे, त्यांना मधोमध ओवणारा सेंटर बोल्ट, त्यांस आसाशी आवळणारे यू-बोल्ट, पुढचे स्थिर टोक, मागच्या टोकाचे झुलते शॅकल आणि दोन्ही टोकांचे बुश, इतक्या ठिकाणी ढिलाई संभवू लागली.

नेवासा या दृष्टीने सोयीचे उदाहरण आहे, कारण ते सीमेवर होते. १ जून १९४८ रोजी मुंबई राज्याच्या सरकारी वाहतुकीची पहिली एस. टी. नगर-पुणे मार्गावर धावली, तेव्हा टोके येथील प्रवरासंगमापलीकडे, गोदावरीच्या उत्तर तीरावर निजामाचे राज्य होते. तेथे १९३२ पासून निजाम संस्थानच्या रेल्वेखात्याची २७ गाड्यांनी सुरू झालेली मोटारसेवा चालत होती. म्हणजे आजच्या अहिल्यानगर ते छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर, एका पुलाच्या अंतराने, दोन भिन्न वाहतूकव्यवस्था आणि अर्थातच सुट्या भागांची दोन भिन्न जगे नांदत होती. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला व १९६१ साली महाराष्ट्राचे परिवहन महामंडळ आकारास आले, तेव्हा ही जगे एकत्र झाली.

एस. टी.च्या आरंभीच्या गाड्यांच्या लाकडी सांगाड्यांची व काथ्याच्या बैठकींची आठवण पुष्कळांनी नोंदविली आहे. त्यांच्या बनावटींकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. बेडफर्ड, शेव्हरोले, फोर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा बनावटींच्या गाड्या त्या काळी वापरात होत्या. इतिहासकाराने या यादीकडे फिटरच्या नजरेने पाहावे. दहा बनावटी म्हणजे पाट्यांच्या दहा रुंद्या, बुशांचे दहा व्यास. एकीचा पाटा दुसरीस जेमतेम बसतो. आणि जेमतेम बसलेला भागच सर्वांत अधिक वाजतो. दापोडी व चिकलठाणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांचे महत्त्व केवळ दुरुस्तीपुरते नव्हते. बनावटींची संख्या कमी करणे आणि मापे एकसारखी राखणे हाच या व्याधीवरचा खरा उपाय होता, असे माझे मत आहे.

आता निदानाकडे वळू. नवा भाग बसविल्यावर आवाज येऊ लागला, तर दोष नव्या भागाचाच, असा अनभिज्ञाचा तर्क असतो. तो पुष्कळदा चुकतो. नवा ताठ पाटा घातला की पूर्वी मऊ पाट्यांत जिरणारा धक्का पुढे सरकतो, आणि शॅकलचा जुना झिजलेला बुश, जो इतके दिवस गप्प होता, तो बोलू लागतो. कारण जुने, निमित्त नवे. नेवाशाच्या लाडमोड टेकडीवर १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे उत्खनन केले, त्यात वरच्या ऐतिहासिक थरांपासून खालच्या ताम्रपाषाणयुगीन थरापर्यंत क्रमाने उतरावे लागले. वरच्या थरातील खड्डा खालच्या थरात घुसलेला असला, तर वस्तूंचा काळ चुकतो. चांगला फिटर नेमका याच प्रकारच्या घोटाळ्यापासून स्वतःस जपतो : शेवटी उघडलेला सांधा तो प्रथम तपासतो, पण तेथेच थांबत नाही.

त्याचा पहिला प्रश्न 'कोठे वाजते?' हा नसून 'केव्हा वाजते?' हा असतो. आवाज सांगाड्यातून प्रवास करतो, म्हणून कान जागा दाखविण्यात फसतो. वेळ मात्र सहसा फसत नाही. गाडी जागची हलताना किंवा ब्रेक दाबताना एकच जड ठोका आला, तर यू-बोल्ट, सेंटर बोल्ट आणि प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट पाहावेत. लहान खळग्यांवर सतत टकटक होत असेल, तर शॉकअॅब्सॉर्बरच्या डोळ्यांतील रबरे व त्यांचे बोल्ट संशयास पात्र होत. चाक उंचवट्यावरून खाली सुटताना ठोका आला आणि स्प्रिंग नुकतीच उंच घातलेली असेल, तर शॉकअॅब्सॉर्बर आपल्या लांबीच्या अखेरीस जाऊन आदळत आहे असे समजावे. तेथे कितीही आवळले तरी उपयोग नाही, योग्य लांबीचाच घालावा लागतो. गुंडाळीच्या स्प्रिंगेचे टोक आपल्या खोबणीत बसलेले नसले, तरीही असाच ठोका येतो. यानंतर एकजण गाडी मागून दाबून हलवितो व दुसरा एकेका सांध्यावर तळहात ठेवतो. हातास जो झटका जाणवतो तो कानाहून विश्वसनीय असतो. टॉमीने सांधा उचकून ढिलाई मोजणे ही पुढची पायरी. एका वेळी एकच भाग सोडावयाचा, हा नियम मोडला की सारी साक्ष पुसली जाते. (या सर्वांच्या आधी जॅक आणि स्टेपनी घट्ट आहेत की नाहीत हे पाहण्याचा प्रघात आहे, आणि तो हास्यास्पद मुळीच नाही.)

दोन महायुद्धांच्या दरम्यान रबरी बुशांचा प्रसार झाला, आणि त्यांनी एक नवाच दोष आणला. धातूचा बुश गाडी जॅकवर असताना आवळला तरी चालतो, कारण तो पिनेवर फिरतो. रबरी बुश फिरत नाही, पिळतो. चाके अधांतरी असताना त्याचा बोल्ट आवळल्यास, गाडी जमिनीवर येताच तो पिळलेल्या स्थितीतच राहतो, थोड्या दिवसांत फाटतो व वाजू लागतो. म्हणून गाडीचा भार चाकांवर येऊ देऊन मगच अखेरचा आवळा द्यावयाचा. जुन्या धातूच्या बुशांवर तयार झालेला हात नव्या रबरावर जी चूक करी, तिच्यात तंत्रज्ञानाच्या संक्रमणाचा इतिहास दिसतो.

यू-बोल्टांविषयी अधिक सांगणे अगत्याचे आहे. नवे पाटे भाराखाली एकमेकांवर बसतात, त्यांची थप्पी किंचित आखडते आणि प्रथम आवळलेले यू-बोल्ट सैल पडतात. काहीशे किलोमीटरांनंतर ते पुन्हा आवळले नाहीत, तर आसाचे सारे ओढणे एकट्या सेंटर बोल्टावर येते. तो तुटला की आस जागचा सरकतो व गाडी तिरकी चालू लागते. शनिशिंगणापूर व देवगडच्या यात्रेकरूंच्या जीपा काय, किंवा सोनई व भेंडे येथील साखर कारखान्यांकडे ऊस नेणाऱ्या मालमोटारी काय, त्यांच्या बाबतीत मागचा ठोका म्हणजे केवळ त्रास नव्हे, तर अपघाताची पूर्वसूचना होय. मागील आसावर पाट्यांच्याच स्प्रिंगा असलेली बोलेरो २००० साली आली व ग्रामीण भागात स्थिरावली. त्यामुळे हे ज्ञान कालबाह्य झालेले नाही. भार वाढला की जादा पाटा घालावयाचा, ही रीतही तशीच चालू आहे. आणि थप्पी जाड झाली तरी जुनेच, आखूड यू-बोल्ट वापरले गेले, तर नटास पुरेसे आटे मिळत नाहीत.

या ज्ञानाची साधने कोठे शोधावीत? कार्यशाळांची कामपत्रे आणि भांडारांच्या नोंदवह्या यांतून कोणता भाग किती दिवसांनी बदलला ते कळेल. परंतु आवाजाचे वर्णन त्यांत क्वचितच सापडेल. ते बोलण्यात आहे. 'खडखड', 'टकटक', 'धडधड', 'कुरकुर' हे शब्द वाहनाखाली अलंकार म्हणून येत नाहीत, निरनिराळ्या दोषांची नावे म्हणून येतात. नेवासा फाट्यावरील वृद्ध फिटरांच्या तोंडून हे शब्द, ते कोणत्या बनावटीच्या गाडीस व कोणत्या सांध्यास लावले जात यासह, टिपून घेण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्याने हाती घेण्याजोगे आहे. आणि दहा बनावटींच्या काळात ज्यांनी हात काळे केले, त्यांतील फार थोडे आज भेटतील.